राजाच्या कमरेतला बाक

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याला शत्रू नव्हता. राज्य एवढे थोर, की एका टोकाला लोक दात घाशीत असत तेव्हा दुसऱ्या टोकाला तुळशीपुढे दिवा लागलेला असे. राजाचे नाव रणकेसरी. रण त्याने कधी पाहिले नव्हते. केशर मात्र रोज त्याच्या दुधात पडे. तो ताठ चाले, ताठ बसे आणि झोपतानासुद्धा ताठच झोपे. त्याच्या हातून काही खाली पडले, तर ते उचलायला चार माणसे नेमलेली होती.

एके दिवशी राजा गच्चीवर उभा होता. शेजारी वृद्ध अमात्य धीरदत्त उभे होते. त्यांचे कान दुखत होते, म्हणून दोन्ही कानांत त्यांनी कापसाचे बोळे घातले होते, आणि राजाचे बोलणे ते त्याच्या ओठांवरून ओळखत होते.

राजा म्हणाला, "अमात्य, आपले सैन्य किती?"

"पुष्कळ आहे, महाराज."

"पुष्कळ म्हणजे किती?"

"मोजायला बसलेला माणूस मोजता मोजता म्हातारा होईल, इतके."

"मग मला ते एकदा डोळे भरून पाहायचे आहे. सगळे. एका जागी."

अमात्य म्हणाले, "महाराज, शेजारच्या राजांना कसे कळावे, की आपण सैन्य नुसते पाहायला बोलावले आहे?"

"त्यांना कळायचे कारणच काय?" राजा म्हणाला.

राजाच्या खजिन्यात महाघोष नावाचा एक नगारा होता. राजाच्या पणजोबांनी तो कुठूनसा आणला होता. वर्षातून एकदा त्याला शेंदूर फासत, नारळ फोडत, आणि पुन्हा दार लावून घेत. तो वाजवायचा नाही, एवढे सगळ्यांना माहीत होते. का वाजवायचा नाही, ते कुणालाच माहीत नव्हते. राजाने तो मैदानात आणवला आणि आपल्या हाताने त्यावर एक टोला हाणला. एकच.

आवाज उठला तो विझलाच नाही. डोंगरावरून डोंगरावर गेला, गावातून गावात शिरला, आणि जिथे जिथे पोचला तिथले पुरुष जागचे उठून चालू लागले. न्हावी अर्धी दाढी सोडून उठला, आणि ज्याची दाढी अर्धी राहिली तोही त्याच्या मागून निघाला. कुंभार उठला, त्याचे चाक फिरतच राहिले. एका गावात नाटक चालू होते. त्यातला राक्षस, देव आणि राणीचे सोंग घेतलेला सोनार, तिघेही एका पावलाने राजधानीकडे गेले.

करवंदवाडी नावाच्या गावात म्हाळू नावाचा घरे शाकारणारा राहत असे. त्याची बायको येसू पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावी. त्यांच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते. त्या दिवशी म्हाळू दुसऱ्याच्या घरावर चढला होता. आवाज आला तसा तो शिडीवरून उतरला, कोयता खांद्यावर टाकला आणि चालू लागला.

"अहो, कुठे निघालात?" येसूने विचारले.

"काय माहीत," म्हाळू म्हणाला. "पायांना विचार."

वीस दिवसांनी सगळे येऊन पोचले, तेव्हा राजाने गच्चीवरून सैन्य पाहिले. पहिला प्रहर त्याला फार आनंद झाला. दुसऱ्या प्रहरी त्याला जांभई आली. तिसऱ्या प्रहरी तो म्हणाला, "पाहून झाले. छान आहे. आता आपापल्या घरी जा."

कुणीही गेले नाही. जावेसे सगळ्यांनाच वाटत होते, पण पाय घराकडे वळेनात. पुढे सरकत, बाजूला सरकत, उडीसुद्धा मारत. पण घराच्या दिशेने एक बोट हलत नसत. राजाने तीनदा सांगितले, मग तो रागावला, मग जेवायला गेला.

इकडे शेजारच्या राज्यांत काय झाले ते ऐका. दक्षिणेला समुद्राकाठी लवणपूर होते. तिथला राजा क्षारसेन म्हणाला, "एवढे सैन्य कुणी उगाच गोळा करत नाही." त्याने शिंग फुंकले, आपले सैन्य गोळा केले आणि राज्यातले सगळे मीठ किल्ल्यात कोंडले. मीठ बंद झाले तशी सात राज्यांतली लोणची नासली. लोणची नासली तसे उत्तरेच्या गोपगिरीचा राजा म्हणाला, "हा आपल्यावरच डाव आहे." त्यानेही शिंग फुंकले आणि सगळे गुराखी तटावर चढवले. तूप बंद झाले. दोरांच्या देशातले दोर तंबूंना गेले, विहिरींवर पोहरे नुसते बसून राहिले. पंडितांच्या देशात पंडितांना लष्करात घेतले आणि हे युद्ध का अटळ आहे ते लिहायला सांगितले. त्यांनी तीनशे पानांची प्रस्तावना लिहिली आणि शेवटी टीप दिली, की कारण सापडताच कळवू. दूरच्या नारळद्वीपात कुणाला लढताच येत नव्हते. तिथले लोक हातात एक एक नारळ घेऊन किनाऱ्यावर उभे राहिले आणि एकमेकांना विचारू लागले, "येणार कोण आहे?"

अशी शिंगामागून शिंगे वाजत गेली.

पहिली पौर्णिमा झाली. येसू भाकऱ्यांचे गाठोडे घेऊन सोळा दिवस चालत छावणीत पोचली. म्हाळू एका रांगेत पत्ते खेळत बसला होता. तिला पाहून त्याला आनंद झाला. भाकरी खाता खाता त्याने विचारले, "येसू, आपल्या शेजारी कोण राहतं गं?"

"असं काय विचारता? कोंडाजीमामा नाही का?"

"कोण कोंडाजीमामा?"

येसूने आजूबाजूला पाहिले. ती बोलायला लाजाळू होती, पण तिची नजर बारीक होती. तिने रांगेतल्या चौघांना विचारले. चौघेही आपापले शेजारी विसरले होते. त्यांतल्या एकाला त्याचे वाईट वाटत नव्हते, पण बाकीचे तिघे घाबरले होते.

येसू तशीच राजाकडे गेली.

"महाराज, माझ्या नवऱ्याला सोडा."

"मी सोडले आहे," राजा म्हणाला. "सगळ्यांनाच सोडले आहे. ते जात नाहीत. जो कुणी त्यांना घरी पाठवील त्याला मी अर्धे राज्य देईन."

"मला अर्धं राज्य नको, महाराज. मला माझा नवरा पुरा हवा."

"मग पाठव तू," राजा म्हणाला, आणि एवढे बोलून तो तिला का भेटत होता तेच विसरला.

येसू तळ्याकाठी येऊन बसली. तिथे एक करकोचा एका पायावर उभा राहून चडफडत होता. त्या काळी करकोच्यांना बोलता येई, पण ते फारसे बोलत नसत. हा मात्र बोलत होता.

"दोन हजार कोस उडून आलो. ह्या तळ्यावर छावणी, त्या तळ्यावर छावणी. उतरायचं कुठे? जरा पाय टेकला, की एक शिपाई ओरडतो, 'शत्रूचा हेर!' माझ्याकडे पाहा बाई, मी हेर दिसतो का?"

"नाही, करकोचेबुवा. थकलेले दिसता."

करकोच्याला असे कुणी कधी म्हटले नव्हते. त्याने मान खाली घातली. येसूने त्याला आपली हकीकत सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "तो नगारा बनवणारी अजून जिवंत आहे. सात डोंगरांपलीकडे राहते. चुलवंती तिचं नाव. बसतेस पाठीवर?"

येसू बसली. दीड महिन्याच्या अर्ध्या जेवणाने ती हलकी झाली होती, म्हणून करकोच्याला जड गेले नाही.

चुलवंती ही जादूगारीण होती आणि तिच्याभोवती सात चुली पेटलेल्या होत्या. तिने येसूचे सगळे ऐकून घेतले आणि हातातले उलथने आपटले.

"अगं, तो नगारा लढाईचा नाहीच! दुष्काळात लोकांना जेवायला बोलवायला केला होता मी तो. राजाच्या पणजोबाने चोरला. त्यावर मी स्पष्ट लिहिलं होतं, 'जेवण तयार नसेल तर वाजवू नये.' कुणी वाचलं नाही?"

"त्यावर शेंदूर फासलाय, माय."

"बरोबर. वाचायचं नसलं, की शेंदूर फासायचा." चुलवंती उसासली. "ऐक. चोरीला गेला तेव्हा मी त्याला शाप दिला. ज्याने बोलावलं तो यजमान. यजमानाने आपल्या हाताने वाढून, चौकशी करून, निरोप दिल्याशिवाय पाहुण्याचे पाय घराकडे वळायचे नाहीत. त्या नगाऱ्याला उत्तर म्हणून ज्यांनी ज्यांनी शिंग फुंकलं, तेही यजमान. पहिल्या पौर्णिमेला पाहुणा शेजारी विसरतो, दुसरीला गाव. मग हळूहळू घरची माणसं. तिसऱ्या पौर्णिमेचा चंद्र उगवला, की जे विसरलं ते कायमचं."

येसूचा चेहरा उतरला. तिसऱ्या पौर्णिमेला फार दिवस उरले नव्हते.

"मी स्वयंपाक करीन," चुलवंती म्हणाली. "तू मला तीन गोष्टी आणून दे. लवणपूरचं चिमूटभर मीठ. गोपगिरीचं पळीभर तूप. आणि राजाच्या कमरेतला बाक."

"तो कुठे मिळतो, माय?"

"राजाच्या कमरेत. आजवर वापरलेला नाही, कोराच असेल."

करकोचा येसूला घेऊन लवणपुरास गेला. तिथे मिठाच्या किल्ल्याला बारा दरवाजे आणि बाराशे पहारेकरी होते. येसूने पहिल्या पहारेकऱ्याला चिमूटभर मीठ मागितले.

तो म्हणाला, "बाई, मीठ युद्धासाठी आहे. आम्ही स्वतः महिनाभर अळणी पेज पितोय."

येसूने त्याच्याकडे नीट पाहिले. ऊन कडक होते. त्याचा अंगरखा महिनाभर धुतलेला नव्हता, कारण लवणपूरचे परीटही सैन्यात होते. पाठीवर घाम वाळून पांढरे नकाशे उमटले होते.

"भाऊ, तुमचे अंगरखे धुऊन देऊ का?" येसूने विचारले.

बाराशे पहारेकऱ्यांनी बाराशे अंगरखे काढून दिले. त्यांतले कित्येक जण तेवढ्याने रडकुंडीला आले होते. येसूने ते धुतले, वाळत घातले, आणि धुण्याचे पाणी एका कढईत आटवायला ठेवले. संध्याकाळी तळाशी चिमूटभर मीठ उरले.

करकोचा म्हणाला, "मी काही हे खाणार नाही."

"तुम्हाला नाहीच वाढायचं," येसू म्हणाली.

मग ते गोपगिरीस गेले. तिथे हजारो गाई कुरणात हंबरत उभ्या होत्या. त्यांच्या कासा भरल्या होत्या, पण आपल्या गुराख्याची हाक ऐकल्यावाचून त्या कुणाला हात लावू देईनात, आणि गुराखी तर तटावर भाले धरून उभे. सेनापती म्हणाला, "एकही माणूस खाली उतरणार नाही. शत्रू समोर आहे."

"उतरू नका," येसू हळूच म्हणाली. "वरूनच हाका मारा. शत्रूला वाटेल, तुम्ही रणगर्जना करताय."

सेनापतीला हे पटले. शत्रूला काहीतरी वाटावे, अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती. त्याने खूण केली, आणि तटावरून वीस हजार गळ्यांतून गर्जना उठली:

"कपिलेऽऽ! ढवळेऽऽ! ये गं मोरेऽऽ!"

समोरच्या टेकडीवर दक्षिणेहून चालून आलेले लवणपूरचे सैन्य होते. ते दोन कोस बाजूला सरले. ह्या भयंकर देवतांची नावे त्यांनी कधी ऐकली नव्हती. गाई मात्र तटाखाली धावत आल्या, आणि गोपगिरीच्या बायकांनी त्यांचे दूध काढले. गंमत अशी, की एव्हाना ते गुराखी आपल्या बायकांची नावे विसरले होते, पण गाईंचे एकही नाव चुकले नाही, कारण गाईंबद्दल शापात काही नव्हते. ह्यावरून गोपगिरीत पुढे बरेच दिवस अबोला होता.

दुसऱ्या दिवशी ताक घुसळले, लोणी कढवले आणि पळीभर तूप येसूच्या हाती आले.

आता उरले तिसरे. मीठ आणि तूप चुलवंतीकडे पोचवून येसू राजधानीस परतली, तेव्हा दुसरी पौर्णिमा कधीच होऊन गेली होती, आणि तिथे भलतेच घडले होते. शिंगे वाजत वाजत पार पश्चिमेच्या शेवटच्या राज्यापर्यंत गेली होती. त्या राज्याने सैन्य जमवले आणि आपला शत्रू कुठे आहे म्हणून पाहिले. पूर्वेला तर सगळेच कुणा ना कुणाशी गुंतलेले होते. पश्चिमेला नुसता समुद्र. तेव्हा ते सैन्य नावांत बसून पश्चिमेकडे निघाले. आणि पृथ्वी गोल असल्यामुळे एका सकाळी ते रणकेसरी राजाच्या पूर्व किनाऱ्यावर येऊन लागले. त्यांच्या पाठोपाठ बाकीचीही सैन्ये आली. काय ते एकदाचे होऊन जाऊ दे, असे सगळ्यांनाच झाले होते.

महाघोषाच्या सगळ्यांत जवळ राजाच उभा होता, म्हणून विसरण्यातही तो सगळ्यांच्या पुढे होता. सैन्य कशाला बोलावले तेच त्याला आठवेना. किनाऱ्यावरची शिडे पाहून तो आनंदाने ओरडला, "पाहा, अमात्य! मी म्हणत नव्हतो, शत्रू आहे म्हणून?"

"महाराज, आपण तसे कधीच म्हणाला नव्हतात," अमात्य म्हणाले. कानांतल्या कापसामुळे त्यांना सगळे आठवत होते. "आपण म्हणाला होतात, 'नुसते पाहायचे आहे.'"

"असे कोण म्हणेल?" राजा म्हणाला.

मैदानावर नऊ लक्ष माणसे भाले धरून समोरासमोर उभी राहिली. चतुर्दशीची सकाळ होती. राजाने हल्ल्याची खूण करायला हात वर केला.

तेवढ्यात फोडणीचा वास आला.

चुलवंती डोंगर उतरून येत होती आणि तिच्या सात चुली तिच्यामागून चालत येत होत्या. चुलींवर भात होता, वरण होते, भोपळ्याची भाजी होती. चिमूटभर मिठाची तिने रास केली होती आणि पळीभर तुपाची कढई, जी उपसली तरी भरलेलीच राही. तिच्या मागून साऱ्या राज्यांतल्या बायका पत्रावळ्यांचे भारे घेऊन आल्या होत्या. दहा दिवस त्यांना पत्रावळी कशी लावायची, ते करकोच्याने येसूचा निरोप म्हणून गावोगाव फिरून शिकवले होते, आणि ह्या कामाने त्याची चोच झिजली होती.

नऊ लक्ष नाके वर झाली. मग एक भाला खाली आला. मग दुसरा. मग सगळी माणसे जिथे होती तिथे मांडी घालून बसली. पाय घराकडे वळत नव्हते, पण मांडी घालायला त्यांची हरकत नव्हती. इतर राजेही बसले, कारण तेही उपाशीच होते. पाने मांडली, भात वाढला, वरण वाढले. राहिले मीठ आणि तूप.

चुलवंतीने राजाला शाप सांगितला. राजा म्हणाला, "ठीक आहे. माझ्या वतीने अमात्य वाढतील."

अमात्यांनी तीन पानांवर मीठ आणि तूप वाढले. काहीच झाले नाही.

"मग मी उभ्याने वाढीन," राजा म्हणाला. लोहारांनी सहा हात लांब दांड्याची पळी करून दिली. राजाने ताठ उभे राहून तूप वाढले. ते एका नाईकाच्या कानात गेले.

"महाराज, ह्या कानाने मी जेवत नाही," नाईक अदबीने म्हणाला.

राजाने पळी टाकली. "रणकेसरी कुणापुढे वाकला नाही आणि वाकणार नाही!"

यजमानाने हो म्हटल्याशिवाय पानाला हात लावायचा नसतो. नऊ लक्ष माणसे हात गुडघ्यांवर ठेवून बसली आणि राजाकडे पाहत राहिली. रागाने नाही. नुसती पाहत राहिली. राजाने डावीकडे पाहिले, तिकडून पाहत होती. उजवीकडे पाहिले, तिकडूनही. भाला घेऊन कुणी अंगावर आले असते, तर काय करायचे ते राजाला शिकवलेले होते. उपाशी बसलेल्या पाहुण्याचे काय करायचे, ते शिकवलेले नव्हते.

येसू तुपाचे भांडे घेऊन त्याच्याजवळ गेली. तिच्या तोंडून मोठ्याने शब्द फुटत नसे. ती हळूच म्हणाली,

"महाराज, भात निवतोय."

राजाने तिच्याकडे पाहिले. भाताकडे पाहिले. वाफ खरोखरच कमी होत चालली होती. मग त्याने मुकुट काढून अमात्यांच्या हातात दिला, आणि वाकला.

कमरेतून जो कट् असा आवाज झाला तो पश्चिमेच्या राज्यापर्यंत गेला. महाघोषाच्या आवाजापेक्षा तो मोठा होता.

राजाने पहिल्या पानावर मीठ वाढले, भातावर तूप सोडले. मग काय बोलायचे ते सुचेना. येसू कुजबुजली, "गाव विचारा."

"कुठले तुम्ही?" राजाने विचारले.

पानावरच्या माणसाने कपाळाला आठ्या घातल्या, आणि एकाएकी त्याचा चेहरा उजळला. "पिंपळदऱ्याचा, महाराज! शेजारी आमच्या तुका तेली. एक नंबरचा भांडखोर!" असे म्हणून तो रडू लागला.

"जेवा सावकाश. पोट भरलं, की या आता. सांभाळून जा."

"येतो, महाराज!" तो जेवला, उठला, हात धुतले, आणि त्याचे पाय पिंपळदऱ्याकडे वळले.

असे एक एक करीत संध्याकाळपर्यंत चार हजार माणसे झाली. अमात्यांनी हिशेब करून सांगितले, की ह्या गतीने आठ महिने लागतील. चंद्राला उरला होता एक दिवस.

म्हाळू अडुसष्टाव्या रांगेत बसला होता. येसूला तो दिसत होता. तिच्या मनात आले, भांडे आपल्या हातात आहे, आपण जाऊ तिकडे राजा येईल. चुलवंतीने तिच्या डोळ्यांत ते वाचले.

"पोरी, पंक्तिप्रपंच करायचा नाही. एकाला आधी आणि एकाला मागे केलंस, तर वाढलेलं सगळं फुकट. आणि कुणाला त्याचं नावगाव सांगायचं नाही. आठवण ज्याची त्याने काढायची. दुसऱ्याने सांगितली, तर ती नुसती ऐकीव बातमी."

येसू ओठ मिटून रांगेतच चालत राहिली. त्या पंगतीत रात्रभर वाढणे थांबले नाही की कुणी झोपले नाही.

पौर्णिमेची सकाळ झाली, तेव्हा राजा लवणपूरच्या क्षारसेनाच्या पानासमोर येऊन वाकला. "कुठले तुम्ही?"

"लवणपूरचा," क्षारसेन म्हणाला, आणि दचकला. "अरे! तिथला तर मी राजा! माझी माणसं त्या बाजूला बसली आहेत, त्यांना कोण वाढतंय?"

"मी वाढतो आहे," रणकेसरी म्हणाला.

"माझ्या माणसांना तुम्ही? मग मी काय हात बांधून बसू?" क्षारसेन घाईने जेवला, उठला आणि त्याने एक कढई ओढली. त्याचे पाहून गोपगिरीचा राजा उठला. "तूप आमचं आणि वाढणार हे?" मग एक एक करीत सगळे राजे उठले. ज्याने ज्याने कुणाला हाक देऊन आणले होते तो तो उठला. सेनापती उठले, नाईक उठले. मैदानभर कमरांचे कट्कट् आवाज होऊ लागले. राजांची आपसांत चढाओढ लागली. "अहो, आणखी एक पळी!" "आमच्या पंगतीत कुणी हात आखडत नाही, लवणपूरकर!" "गोपगिरीकर, पाहुण्याने नको म्हटलं तरी वाढतात, एवढंही ठाऊक नाही?" पंडित जेवता जेवता प्रस्तावना फाडून तिला हात पुसू लागले. नारळद्वीपकरांनी नारळ फोडून सगळ्यांना खोबरे वाटले. लोक आठवत होते, रडत होते, उठत होते, निघत होते.

दिवस मावळायला आला तेव्हा रणकेसरी अडुसष्टाव्या रांगेत पोचला. त्याची कमर आता सरळ होत नव्हती, म्हणून तो वाकलेलाच चालत होता. येसू पुढे भांडे धरून होती.

राजा म्हाळूसमोर आला. मीठ वाढले, तूप वाढले. "कुठले तुम्ही?"

म्हाळूने पुष्कळ विचार केला. "नाही सांगता येत, महाराज."

"घरी कोण?"

"तेही नाही."

"शेजारी?"

म्हाळूने मान हलवली. एवढ्या माणसांत ज्याला काहीच आठवले नाही, असा हा पहिलाच. पूर्वेचे आकाश पिवळे होऊ लागले होते. राजाने आणखी भात वाढला, आणखी तूप वाढले. येसू काही बोलली नाही. बोलायचे नव्हते. तिने भांडे घट्ट धरले.

म्हाळू पानाकडे पाहत होता, पण घास उचलत नव्हता. मग तो म्हणाला, "महाराज, एक विचारू?"

"विचारा."

"ही बाई सकाळपासून तुमच्यापुढे भांडं घेऊन चाललीय. मी बघतोय. हिला कुणी जेवायला घातलं का?"

दोन दिवसांत राजाने हजारोंची चौकशी केली होती. हिची केली नव्हती.

"नाही," राजा म्हणाला.

"मग मला घास जाणार नाही. हिचे ओठ बघा किती सुकलेत. सरका रे जरा तिकडे." म्हाळूने शेजारच्याला ढकलून जागा केली. "बसा, बाई."

येसू बसली. राजाने स्वतः पान मांडले. वाकून भात वाढला, वरण वाढले, मीठ वाढले, तूप वाढले. आणि विचारले,

"कुठल्या तुम्ही, बाई?"

"करवंदवाडीची," येसू म्हणाली.

म्हाळूचा हात पानावरच थांबला. "करवंदवाडी? ओढ्यापलीकडची? अहो, मीसुद्धा करवंदवाडीचाच!"

"असं?" येसू म्हणाली.

"मग! तिथे कुणाकडच्या तुम्ही?"

"घरं शाकारतात, त्यांच्या."

"करवंदवाडीत घरं शाकारणारा एकच आहे!"

"हो. एकच आहे."

"अहो, तो तर..." म्हाळू थांबला. डोंगरामागून चंद्राची कड वर येत होती. "तो तर मीच की!"

येसूने मान वर केली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी भातावर पडत होते.

म्हाळू तिच्याकडे वळून पाहत राहिला. "येसू," तो म्हणाला. आणि मग म्हणाला, "अगं, एवढ्या लांब तू आलीस कशी?"

"करकोच्यावर बसून. जेवा आधी."

दोघे जेवली. म्हाळूने तीनदा भात मागून घेतला. राजाने तीनदा वाढला आणि चौथ्यांदा न मागता वाढला. मग त्याने विचारले, "पोट भरलं?"

"भरलं, महाराज."

"या आता. सांभाळून जा."

"येतो," म्हाळू म्हणाला.

"येते," येसू म्हणाली.

मैदान रिकामे झाले तेव्हा राजा सगळ्यांत शेवटी जेवला, आणि त्याला सगळे आठवले. महाघोष चुलवंती परत घेऊन गेली. लवणपूरचे मीठ सुटले, गोपगिरीचे तूप सुटले, विहिरींचे पोहरे पाण्यात उतरले, आणि तळी मोकळी झाली तसा करकोचा एका तळ्यात उतरून तीन दिवस कुणाशी बोलला नाही. राजवैद्यांनी राजाची कमर तपासली आणि सांगितले, की बाक आता राहणारच. त्यामुळे राजाला फार लांबचे दिसेनासे झाले. समोर उभे असलेले माणूस मात्र दिसू लागले.

बोलावलेले आपापल्या उंबऱ्यांशी पोचले, वाट पाहणाऱ्यांचे डोळे निवले. ज्यांचे कुणी अजून लांब असेल, त्यांचेही असेच सुखरूप घरी येवो.